जीवफेस आणि नंदादीप

नवरात्राच्या पाचव्या माळेला, दुपारी, चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत कालपासून आलेल्या, एकाच छापाच्या एकोणचाळीस तक्रारींचा ढीग पडला होता. नव्या घरात वारा शिरतो, नंदादीप विझतो.

"वारा शिरतो म्हणे!" हेमांगी बोरकुटे वैतागली. ती हवाबंद-चाचणीची अभियंता. या एकोणचाळीस घरांच्या नव्या वसाहतीच्या भिंतींत उष्णता अडवणारा जीवफेस फवारला गेला तो तिच्या देखरेखीखाली. बाहेर चव्वेचाळीस अंश तापलं तरी आत गारवा टिकायचा. "एकेक घर मी तपासलंय, सर. मुंगीला वाट नाही."

डॉ. वाडेगावकरांनी जीवफेस निर्माण केला होता आणि त्याच्याविषयी ते लेकीच्या बापासारखे हळवे होते. "सकाळीच माणसं पाठवलीत मी. राहिलेली भोकं बुजवून येतील."

"राहिलंय काय? फक्त हवाझरोका. तो ताज्या हवेसाठी मुद्दाम ठेवलाय."

"मग वारा तिथूनच येत असणार."

हेमांगीला चैन पडेना. नऊ दिवस दिवा अखंड तेवायला हवा, म्हणून माणसं खिडक्या गच्च लावून घेतात. तिची आईही घेते. झरोक्यातही घटस्थापनेपासूनच लोकांनी जुनेरं कोंबली असतील. मग वारा आला कुठून?

"सर, हा फेस जगतो कशावर?"

"त्यातल्या जिवाणूंवर. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड खाऊन ते वाढतात, म्हणून तर भिंतीचा तडा आपोआप सांधतो."

"आणि प्राणवायू?"

"तोही लागतोच की. जिवंत आहेत ते! ऊन वाढलं की जरा जास्तच..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

"दिवे वाऱ्याने विझत नाहीयेत, सर. आतला प्राणवायू संपत आलाय."

"अगं, मग लोक गुदमरले असते, दारं उघडून बाहेर पळाले असते!" डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. "नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते कार्बन डायऑक्साइड साठला की. तो तर फेस खाऊन टाकतोय. माणसाला कळणारच नाही. उलट थोडी चढल्यासारखी मजा वाटेल. मग झोप."

बारा नंबरच्या घरात हेमांगीची आई, कमळजाबाई, एकटी राहत होती. हट्टाने तिनेच आईला तिथे नेलं होतं. तिने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"आई, दिवा जळतोय?"

"कायचा जळते व! काडी फुर्र करते अन् इझते. सादळल्या वाटते." आई खुदखुदून हसली. "तुही मानसं आलती सकाळी. गुनाची पोरं! थो झरोकाच बुजवून देल्ला."

"आई, आत्ताच्या आत्ता दार उघड!"

"हवा येईन नं मंग. मले लय मस्त वाटून रायलं. पडते जराशी."

"पडू नको! आई, ऊठ!"

"घाई कायची तुले..." आवाज जड होत चालला होता. प्राणवायूचं गणित समजावण्याइतका वेळ नव्हता, आणि ऐकून घेण्याइतकी आई शुद्धीत नव्हती. हेमांगी कमालीची घाबरली होती. मग एकाएकी ती ओरडली, "आई, दारात जोगवा मागणारी उभी आहे! केव्हाची उन्हात तिष्ठतेय!"

देवीच्या नावाने आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवणं कमळजाबाईंना जन्मात जमलं नव्हतं.

"अव माय! थांब व बाई, आली..."

काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाय फरफटले. कडी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा सरकली. मग नुसता जोरजोरात घेतलेला श्वास.

"इथं त कोनीच नाही!" आई खेकसली. "देवीच्या नावानं खोटं काऊन बोलतं व?"

हेमांगी ढसाढसा रडली. "बाहेरच बस. आत जाऊ नको, तुला माझी शपथ."

तोवर डॉक्टरांनी अग्निशमन दलाला कळवून आपल्या माणसांना फोन लावला होता. "काम थांबवा! किती झरोके बुजवले?"

"सगळे झाले, सर. एकोणचाळीस. आता परतच निघालोय."

हेमांगीने डोळे पुसले आणि यादीतल्या पुढच्या घराचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला एका गृहस्थांनी फोन उचलला.

"मॅडम, तुमची माणसं कमालीची हो!" ते भरभरून हसत होते, आणि त्यांच्यामागे आणखी कुणीकुणी हसत होतं. "वाऱ्याचा मागमूस नाही. आम्ही सगळे अगदी मजेत आहोत!"