चार वाजून दहा मिनिटांचं रक्त

ए, तो मोबाईल उलटा ठेव आधी. आणि दाराजवळचे सगळे आत सरका. मध्येच कुणी "पाणी पिऊन येतो" म्हणून उठायचं नाही, नाहीतर मी गप्प बसेन.

ही गोष्ट माझ्या साडूची. तुम्ही त्याला बघितलंय. कुठल्याही कार्यात कोपऱ्यात बसून मुकाट जेवतो, तो उंच माणूस. थापा मारायला तोंड लागतं, आणि ते देवाने त्याला दिलेलंच नाही. म्हणून मी विश्वास ठेवला. तुम्ही ठेवा, नाहीतर नका ठेवू, माझं काही जात नाही.

गुरुवार होता, महिन्याची एकोणीस तारीख. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, उगाच तिखटमीठ लावत नाही मी. संध्याकाळी पावणेसातला साडू एका दुकानापुढे उभा राहून शर्टाची बटणं घेत होता. पांढरी, चार भोकांची, सहा. सोबत सुई आणि दोऱ्याचं रीळ. ती त्याला एका पेशंटसाठी हवी होती.

साडू हॉस्पिटलात रक्त काढायचा. पण साधंसुधं नव्हे हं. नवी औषधं निघतात ना, ती माणसाला पहिल्यांदा देऊन बघतात. किती सोसतं, किती द्यावं, ते. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर आठ खाटांचा वेगळा वॉर्ड होता. ज्यांच्या आजारावर बाकी सगळे उपाय थकले, अशी मोठी माणसं स्वतः सही करून तिथे यायची. एकेकाला डोस द्यायचा आणि मग ठरलेल्या वेळी त्याचं रक्त काढायचं. ठरलेल्या म्हणजे अगदी मिनिटाला. त्या रक्तात औषध किती उरलंय ते बघून पुढच्या माणसाचा डोस ठरायचा. एकाच्या रक्ताची वेळ चुकली की दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. एवढं कळलं? मग पुढे सांगतो.

सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याला डोस दिला होता, तोवर कुणालाही दिला नव्हता एवढा मोठा. म्हणजे रात्री रक्त कधी? बारा दहाला, आणि मग पहाटे चार दहाला.

बाराला पाच मिनिटं असताना साडू ट्रे घेऊन वर गेला. मास्तर उशीला टेकून बसले होते. डावी बाही आधीच वर गुंडाळलेली.

"झोपायचं की हो मास्तर. मी उठवलं असतं."

"झोपून काय करू? बटणं आणलीत?"

साडूने पुडी दिली. मास्तर म्हणाले, "कोट काढा तो. चार दिवस बघतोय, मधलं बटण नाही. माझ्या डोळ्याला त्रास होतो." रक्त काढून झाल्यावर त्यांनी खरंच चष्मा लावला आणि खाटेवर बसून साडूच्या पांढऱ्या कोटाला बटण शिवलं. "तुम्ही मला टोचता, मी तुमच्या कोटाला टोचतो. फिट्टंफाट." दोरा दाताने तोडून ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? मला इथे बरं वाटतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. दुकान बंद केल्यापासून माझं दार कुणी वाजवलेलं नाही. इथे दर चार तासांनी माणूस येतो, मास्तर म्हणून हाक मारतो, हात हातात घेतो. घरी कोण घेतं?"

साडूने भरलेली नळी ट्रेमध्ये ठेवली. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. महिना झाला होता. तोही रिकाम्या घरात एकटाच आमटीभात करून खात होता आणि दिवसा झोप लागत नाही म्हणून छताकडे बघत पडत होता.

निघताना मास्तरांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. सात नंबरवर एका शाळेतली कारकून बाई झोपली होती. पस्तिशीची असेल, दोन लेकरांची आई. "सोमवारी त्या पोरीला माझ्या दुप्पट देणार म्हणे?"

"हो. तुमच्या रक्तात सगळं ठीक दिसलं तर."

"मग माझं माप नीट घ्या हो. आमच्यात माप चुकलं तर कापड वाया जातं. इथे तिची पोरं आहेत." आणि मग, "चार दहाला या. मी जागाच आहे."

आता साडूची चूक सांगतो. ती त्याची एकट्याची नव्हती, रात्रपाळीचे सगळेच करायचे. प्रत्येक रक्ताचा एक कागद असतो. त्यावर रक्त काढल्याची वेळ लिहून सही करायची, आणि ती काढल्यावरच. पण पहाटे डोळे मिटत असताना कोण लिहीत बसणार? म्हणून ही मंडळी संध्याकाळीच सगळ्या वेळा लिहून, सह्या ठोकून मोकळी व्हायची. मास्तरांच्या पहाटेच्या कागदावर सात वाजताच लिहिलेलं होतं, चार दहा. खाली साडूची सही.

तळमजल्यावर रक्ताची खोली होती. साडूने बारा दहाची नळी यंत्रात फिरवली, रक्तावर आलेलं पिवळं पाणी काढून ठेवलं, दाराला आतून कडी घातली आणि पावणेतीनला खुर्चीत बसला. पाच मिनिटं टेकतो म्हणाला. महिनाभराची झोप होती ती. ढाराढूर.

दार वाजलं नाही.

तरी त्याला जाग आली. समोर कुणीतरी बसलंय असं वाटलं म्हणून.

स्टुलावर मास्तर होते.

डावी बाही वर गुंडाळलेली. हात टेबलावर, उताणा ठेवलेला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून आठ मिनिटं.

"मास्तर... तुम्ही खाली कसे आलात? सिस्टरने सोडलं?"

मास्तरांनी हात थोडा पुढे सरकवला.

"अहो, मी येतच होतो..."

"नव्हतात येत," मास्तर म्हणाले. रागाने नाही. शिंप्याने कापड कमी आहे हे सांगावं तसं.

साडू ओशाळला. झोपेत होता, घाईत होता. रबरी पट्टा बांधला. हात गार लागला. रात्रीचं असेल, म्हणाला मनाशी. शीर चाचपली. सापडेना. मग सापडली.

सुई गेली. मास्तरांनी "स्स" केलं नाही.

रक्त आलं. हळू. दाट... काळपट.

नळी भरत होती आणि साडूला एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. हा माणूस संडासापर्यंत गेला तरी धापा टाकतो. हा दोन जिने उतरून आलाय. आणि धाप नाही.

धाप नाही... श्वासच नाही.

छातीवरचा शर्ट हलत नव्हता.

साडूची मान वर होईना. तो नळीकडेच बघत राहिला.

"वेळ लिहिलीत ना आधीच?" मास्तरांनी विचारलं.

कागद टेबलावर होता.

"हो..."

"मग खरी करायला नको?"

...

सुई निघाली. साडूने कापूस ठेवला. त्यावर अंगठा दाबायचा असतो, दोन मिनिटं. पळून जावं असं वाटत होतं. पण सवय, काय सांगू तुम्हाला. अंगठा आपोआप तिथे गेला. दोन मिनिटं साडू तो हात धरून बसला. गार हात.

"बरं वाटलं," मास्तर म्हणाले.

नळी यंत्रात ठेवायला साडू वळला. झाकण लावलं. बटण दाबलं. परत वळला.

स्टूल रिकामं.

दाराला आतून कडी. त्यानेच घातलेली.

साडू जिन्याने वर धावला. वॉर्डच्या दारातच सिस्टर भेटल्या, रडवेल्या. "कुठे होतात हो तुम्ही? तीन फोन केले खाली! मास्तर गेले. तीन पंचवीसला. डॉक्टर येऊन बघूनसुद्धा गेले."

सहा नंबरवर पांढरी चादर होती. तोंडावरून ओढलेली.

साडू मागे वळला. खाली आला. यंत्र अजून फिरत होतं, आत एकच नळी.

भुताची भीती कशी असते माहितीये? ती उजाडेपर्यंत असते. उजाडल्यावर माणसाची भीती सुरू होते. साडूने विचार केला, कुणाला काही ठाऊक नाही. नळी बेसिनमध्ये ओतायची, कागद फाडायचा. नव्या कागदावर लिहायचं, पेशंट दगावला, रक्त काढलं नाही. संपलं. नोकरी शाबूत. तो बेसिनपर्यंत गेलाही होता, हे त्यानेच मला सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

सात वाजता तो ट्रे परत ठेवायला वर गेला. दोन तरुण डॉक्टर आपसात बोलत होते. आजारच शेवटचा होता, बारा दहाचं रक्त उत्तम आहे, औषधाचा काही संबंध नाही, सोमवारचं ठरल्याप्रमाणे करू. आणि पलीकडे सात नंबरची बाई फोनवर लेकरांशी बोलत होती. "या रविवारी नाही रे बाळा. सोमवारी मला नवं औषध आहे. पुढच्या रविवारी नक्की."

साडू तसाच मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला. बाई कडक. सगळा वॉर्ड त्यांना टरकून असायचा. त्याने कागद आणि नळी टेबलावर ठेवली आणि जन्मात बोलला नसेल एवढं बोलला. झोप लागली, वेळ आधीच लिहिली होती, रोजच लिहितो, दाराला कडी होती, आणि हे रक्त मास्तरांचं आहे.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "तीन पंचवीसला गेलेला माणूस चार दहाला रक्त देत नाही."

"नाही देत."

"प्यायला होतात?"

"नाही बाई."

"हे मी वर कळवलं की तुमची नोकरी जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. काढा मला. पण आधी हे तपासा."

बाईंनी तपासलं. विश्वास ठेवला म्हणून नाही, फेकायचा धीर झाला नाही म्हणून. सकाळी आठनंतर औषध रक्तातून उतरत जायला हवं, बारा दहाला ते उतरलेलंच होतं. चार दहाच्या नळीत ते पाचपट होतं. बाईंनी ताबडतोब शवविच्छेदन सांगितलं. मास्तरांनी त्यालाही आधीच सही देऊन ठेवली होती, विचारायला दुसरं होतं कोण त्यांचं? त्यात दिसलं. औषध यकृतात साठत गेलं होतं आणि मध्यरात्रीनंतर एकदम सुटलं होतं. माणूस आजाराने नव्हता गेला.

सोमवारचा डोस रद्द झाला. ते औषधच बंद झालं. सात नंबरची बाई पुढच्या रविवारी घरी गेली, स्वतःच्या पायाने. आजार होताच तिचा, पण पोरांना भेटली. तिला कुणी काही सांगितलं नाही. काय सांगणार?

साडूची नोकरी गेली. बाईंनी एक महिना मुदत दिली आणि त्या महिन्यात त्याला नळ्या मोजायला बसवलं. प्रत्येक रक्ताचा निम्मा भाग पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवतात. शून्याखाली ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, वर्षानुवर्षं. तिथे उघडा हात लागला तर कातडी चिकटून येते.

शेवटच्या दिवशी मास्तरांचा डबा निघाला. आठ छोट्या कुप्या. सात दगडासारख्या, पांढऱ्याफटक, बर्फाने माखलेल्या.

आठवी चार दहाची.

तिच्यावर बर्फ नव्हतं.

साडूने ती तिरकी केली. आतलं पिवळं पाणी... हललं.

त्याने बाईंना बोलावलं. बाईंनी फ्रीजरचा आकडा बघितला. बरोबर होता. शेजारच्या कुप्या बघितल्या. गोठलेल्या. मग त्यांनी हातमोजा काढला आणि ती कुपी नुसत्या बोटांनी उचलली. थोडा वेळ तशीच धरून उभ्या राहिल्या. मग ती परत डब्यात ठेवली.

परवा साडू आला होता, तेव्हा मी मुद्दाम विचारलं. म्हणाला, बाईंचा मागच्या महिन्यात फोन आला होता. त्यांनी पुन्हा उघडून बघितलं.

कुपी अजून कोमट आहे.