राहून गेलेली रेघ

"एवढा थोरला खोका, आत मिठाचा राजा काय, पत्र्याची डबी काय... आणि नकाशावर एक रेघ धड नाही."

बोग्नाच्या मागून कुणीतरी पुटपुटलं. ती वळली. खेळांच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक उंच माणूस वाकून सुईत दोरा ओवत होता. समोर 'मिठाचे राजे' या खेळाच्या संग्राहक आवृत्तीचे सात-आठ खोके उघडे पडले होते, आणि मांडीवर त्यातला कापडी नकाशा.

"कुरकुरायलाच बसवलंय का तुम्हाला इथे?" तिने फटकारलं.

"नाही बाई, ती रेघ शिवायला. कुरकुर माझ्याकडून भेट."

एरवी ती हसली असती. पण गेले तीन आठवडे ती जी चिडली होती ती चिडलेलीच होती. तो नकाशा तिने काढला होता. दहा महिने खपून. खेळाच्या कंपनीने तिला साधा एक खोका पाठवला नव्हता, म्हणून ती स्वतः विकत घ्यायला आली होती. खोक्यातल्या चित्रांच्या पुस्तकात राजाचा पुतळा घडवणाऱ्याला दोन पानं. तिचं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढं.

आणि वर ही भानगड. पोलिश लिपीत 'ल'च्या पोटातून एक तिरकी रेघ ओढली की त्याचा 'व' होतो. 'वास्का' म्हणजे कृपा; नकाशावर हवं होतं 'कृपेचं खोरं'. ती रेघच नसली की उरते 'लास्का'. लास्का म्हणजे काठी, आणि नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत आयटम. सगळा देश तीन आठवडे 'आयटमच्या खोऱ्या'वर हसत होता. तेही वुच शहरात छापलेल्या नकाशावरून, ज्या शहराच्या नावातलं पहिलंच अक्षर ती रेघ घेऊन बसलंय.

"तुम्ही छापखान्यातले?" तिने विचारलं.

"काएतान. छपाईच्या जाळीवर शाई ओढणारा. रेघ मीच पुसली म्हणतात. धुळीचा कण समजून."

"म्हणतात? पुसली की नाही?"

"सगळे म्हणतायत तर पुसली असेल." त्याने सुई कापडात टोचली. "बसा ना. खसखशीचा रोल आहे, अर्धा तुमचा."

"मला रोल नकोय. स्वतःची बाजू मांडता येत नाही तुम्हाला?"

"तुम्ही मांडताय की. बरी मांडताय."

ती बसली... रागातच बसली. रोलचा तुकडा तोडून रागातच खाल्ला. बाहेर बर्फमिश्रित पाऊस काचेवर तडतडत होता. त्याची बोटं शाईने निळसर झालेली, पण टाका केसाएवढा बारीक.

"या बाईचा हात बघा," तो नकाशावर बोट फिरवत म्हणाला. "डोंगर एका दमात काढते. पेन उचलतच नाही. ओढ्याला आलं की मात्र थबकते... इथे, इथे. आठ महिने मी हा हात जाळीवर उतरवतोय. भेटलो नाही कधी, पण ओळखतो."

बोग्नाने आपला हात झटकन कोटाच्या खिशात घातला. त्याने ते पाहिलं. पाहून पुन्हा सुईकडे वळला.

"कधी ओळखलंत?" तिचा आवाज उगाचच खाली आला.

"रोल खाल्लात तेव्हा. नखात शाई आहे."

"मग कुरकुर माझ्या तोंडावर?"

"ती ओळखण्याआधी केली होती. माफ करा."

तिने नकाशा स्वतःकडे ओढला. मग विचारलं, "माझ्या कागदावरून तुम्ही छपाईची फिल्म काढली होतीत. त्या फिल्मवर रेघ होती का?"

"दोरा संपत आलाय," काएतान म्हणाला.

तिला कळायचं ते कळलं. मूळ कागद तिच्या घरी, कपाटात होता. तीन आठवड्यांत तिने तो एकदाही उघडला नव्हता. का उघडला नाही, हेही स्वतःला विचारलं नव्हतं. सगळ्यांवर चिडणं सोपं होतं.

तेवढ्यात दार ढकलून कंपनीचे राताइचाक साहेब आले, ओली छत्री झटकत. त्यांनी बोग्नाला पाहिलं आणि घाईने नजर फिरवली. खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"सही करा काएतान, विषय मिटला. चूक छपाईची. पुढचं काम छापखान्यालाच मिळेल. तुम्हाला मात्र तिथे राहता येणार नाही, मालकांशी बोलणं झालंय."

"एकदा फिल्म तरी बघा, मग सही मागा," बोग्ना म्हणाली.

"कशाला उकरायचं, बाई? पुढच्या खेळाचे नकाशे तुमच्याकडेच आहेत." ते छत्रीशी बोलल्यासारखे बोलले. म्हणजे यांनाही ठाऊक होतं.

काएतानने सुई टेबलावर ठेवली आणि पेन उचललं. तिच्याकडे न बघता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

बोग्नाला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. राताइचाकांचा, त्याच्या त्या मुकाट खाली घातलेल्या मानेचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"पेन खाली ठेव, काएतान," ती म्हणाली. "माझ्या कागदावरच रेघ नव्हती. मीच ओढायची विसरले."