जिथे छप्पर टेकले

सकाळचे आठ वाजले होते. नाशिककडची गाडी आटगाव स्टेशन सोडून गेली, आणि त्याच सुमारास कोशिंबपाड्यात गुणाबाईचे छप्पर उचलले गेले.

अख्खे छप्पर. आढे, वासे, वरचा पेंढा, सगळे जसेच्या तसे. खालून वेळूचे लांब दांडे घातलेले आणि दांड्यांना वीस-बावीस खांदे. पुढे म्हातारा नवसूबाबा हाळी देत होता, आणि त्याच्या हाळीवर सगळ्यांचे पाय एकदम पडत होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, घरच उठून चालायला लागले आहे.

साल १९३८, महिना मार्गशीर्ष. भात कापून खळ्यावर आले होते.

गुणाबाई विधवा. घरात ती आणि तिची मुलगी रंगू, दोघीच. रंगूच्या बरोबरीच्या मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या. आईला एकटी टाकून ती गेली नव्हती. छप्पर त्यांचे, पण खालची जमीन मालकाची. गुणाबाईचा नवरा त्याच मालकाची शेती करता करता वारला. दिवाळी झाली आणि मालकाचा कारभारी दारात येऊन उभा राहिला. स्टेशनच्या वाटेवरची ही जागा गवताच्या वखारीला हवी, मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवत इथे रचायचे, असे त्याने सांगितले. जागा मोकळी करा, नाहीतर गडी पाठवून छप्पर उतरवतो, असेही सांगितले.

गुणाबाई रडली. रंगू पोलीस पाटलाकडे गेली.

पाटलाने चिंचेमागची गावठाणाची पट्टी दाखवली. "तिथं छप्पर ठेवा. तलाठ्याच्या कानावर मी घालतो."

मग ती नवसूबाबाकडे गेली, आणि मग घरोघर. छप्पर उचलायला बोलवायचे तर घरच्या पुरुषाने दारोदार सुपारी ठेवायची, अशी पाड्याची रीत. रंगूच्या घरात पुरुष नव्हता. तिने पदर खोचला आणि सुपाऱ्या स्वतः ठेवल्या. एकाही घराने सुपारी परत केली नाही. लडकूकाकांची पाठ धरली होती, तर त्यांनी आपल्या जागी भाच्याला धाडले. भाचा झोडणीच्या कामाला टोकावड्याहून आदल्याच दिवशी आला होता. नाव अनंता.

पुढचा उजवा कोपरा त्याच्या खांद्यावर होता.

रंगू त्याच बाजूने चालत होती. जुन्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून नव्या जागी न्यायचा असतो. ते मडके तिच्या हातात होते. वारा फिरला आणि धूर अनंताच्या तोंडावर गेला.

"जरा पलीकडून चाल गो," तो म्हणाला. "डोल्यात धूर जातो."

"डोले वाटेवर ठेव. मग नाय जायचा."

"वाटेवरच होते…" तो म्हणाला. "आता आता सरकले."

मागच्या दांड्यावर कुणीतरी फिस्सकन हसले. रंगूने मडके दुसऱ्या हातात घेतले, पण बाजू बदलली नाही.

वळणावर कारभारी उभा होता. छप्पर त्याच्या अगदी जवळून गेले. कुणी मान वळवली नाही. रंगू मात्र थांबली.

"कारभारी, जागा बघून घ्या. मूठभर मातीपन नेली नाय."

कारभाऱ्याने छत्री उघडली. ऊन तसे कोवळेच होते.

घटना घडली ती लडकूकाकांच्या खळ्यापाशी. तिथे वाट चढणीची. नवसूबाबाला खोकल्याची उबळ आली आणि हाळी तुटली. पावले चुकली, छप्पर डावीकडे कलले, एक वासा करकरला. मागचे दोघे गुडघ्यांवर येणार, तेवढ्यात अनंताने छाती भरून आरोळी दिली.

"टेका!"

आवाज दणदणीत होता. वीस-बावीस माणसांनी विचार न करता छप्पर खाली ठेवले.

मग सगळे टेकलेल्या छपराकडे बघत राहिले.

टोकावड्याकडे वाटा चढणीच्या, घाटाकडच्या. तिथे छप्पर नेताना मध्ये टेकवतात, पाणी पितात, पुन्हा उचलतात. कोशिंबपाड्यात तसे नाही. इथे उचललेले छप्पर जिथे टेकेल, तिथेच घर. पुन्हा उचलले तर ते घर कधी बसत नाही, भटकत राहते, अशी पाड्याची समजूत. आणि तशा छपराला कुणी खांदा देत नाही. अनंताला हे कुणी सांगितले नव्हते. सांगायचे असते हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

गुणाबाई मटकन खाली बसली. चिंचेमागची पट्टी समोर दिसत होती.

रंगू अनंतापुढे येऊन उभी राहिली. मडक्यातून अजून धूर येत होता.

"तू कोन?"

"लडकूमामाचा भाचा."

"तुला कोनी सांगितलं ओरडायला?"

"छप्पर पडत होतं. खाली मानसं होती."

ते खरे होते. नवसूबाबानेही मान हलवली. रंगूला ते खरे आहे हे कळले, म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मालकाच्या जागेतून उठलो," ती म्हणाली, "ते काय दुसऱ्याच्या खल्याकडेला बसायला?"

लडकूकाका पाठ धरून आले. मनाने मोठा माणूस. "अगो, बसली तर बसली. जागा माझी हाय, राहा की. मी काय उठ म्हनतो?"

"तुमी नाय म्हनायचे, काका. तुमची नातवंडं म्हनतील. तवा परत सुपाऱ्या वाटत फिरू?"

तिथल्या तिथे पंच बसले. पाटलाला बोलावणे गेले. पुरुष बोलत राहिले, तोड निघेना. शेवटी रंगूच बोलली. मडके तिने खाली ठेवले नव्हते.

"काकांच्या म्हशीला गोठा नाय. चिंचेमागची पट्टी काकांनी घ्यावी, हा कोपरा आमाला द्यावा. दान नको. अदलाबदल."

पाटील तिच्याकडे बघत राहिला. लडकूकाका हसायला लागले आणि पाठ दुखली म्हणून थांबले. "म्हस चिंचेखाली बसल. मला कबूल."

"गावठानाचं काम हाय," पाटील म्हणाला. "मी अर्ज धाडतो शहापूरला, कचेरीत. साहेब काय म्हनतील ते सांगता यायचं नाय."

"आनि तोवर?"

उत्तर नवसूबाबाने दिले. खोकला थांबला होता. "तोवर चूल पेटव, पोरी. पाड्यातली पेटलेली चूल विझवायला कोन येतो बघू."

रंगूने तीन दगड मांडले आणि मडके रिते केले. छपराखालून धूर वर आला, तेव्हा सगळी माणसे उठून उभी राहिली. उठायचे, असे कुणी ठरवले नव्हते.

अनंताचाही निकाल त्याच बैठकीत लागला. टेकवलेस तर आता उभे करून दे.

तो रोज दिवसभर मामाचे भात झोडायचा आणि उन्हे कलली की कारवीचा भारा घेऊन यायचा. मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवल्या गेल्या आणि छप्पर जागच्या जागीच त्यांच्यावर चढले. मग कारवीच्या काठ्या गुंफून कूड विणायचे काम राहिले. रंगू शेणमातीचा लगदा कालवून द्यायची. सारवायला रखमी यायची, शेजारची, जिच्या तोंडाला कुणीच लागत नसे.

"भिंत हलू वाढते गो," रखमी म्हणाली. "टोकावड्याची मानसं हलूच विनतात का?"

"घट्ट विनतात," अनंता म्हणाला.

"विनत नसतोस तवा कुठं बघतोस, ते दिसतं मला."

रंगूने रखमीच्या गालाला लगद्याचे बोट लावले. रखमी हसत विहिरीवर गेली, आणि मुद्दाम उशिरा आली.

"पाय घसरला व्हता का त्या दिवशी?" रंगूने विचारले. कुडाच्या अलीकडे ती, पलीकडे तो. काठ्यांच्या फटींतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"नाय. पाय घट्ट व्हता."

"मग?"

"मन…" तो थांबला. "नाय. खोटं कशाला बोलू? छप्पर पडत व्हतं म्हनून ओरडलो. मनाचं नंतर झालं."

पुढची काठी तिने फटीतून त्याच्या हातात दिली, आणि सोडायला जरा वेळ लावला.

पौषात म्हसा गावची गुरांची जत्रा भरली. मामाचा बैल विकायला अनंता गेला. परतताना त्याने गुणाबाईला घोंगडी आणली.

"एवढं कशाला रे?" गुणाबाई म्हणाली आणि लगेच अंगावर घेतली.

"मावशी, नवं घर. थंडी शिरते."

रंगू दारात उभी होती. "जत्रेत बाकीच्यांसाठी काय मिळत नाय वाटतं."

अनंताने कमरेच्या फडक्यातून एक जड वस्तू काढली. लोखंडी कडी, कोयंड्यासकट.

रंगूने ती हातात घेतली. बांगड्या असतील, फणी असेल, फार तर आरसा असेल, असे तिला वाटले होते. मालकाच्या जागेत त्यांच्या दाराला झाप होता, बांबूचा. तो कुणीही बाहेरून सारावा. कारभारी तसाच सारून आत यायचा. आतून लागणारे दार तिच्या घराला कधी नव्हतेच.

"ही आतून लागते?"

"आतूनच. तू उघडशील तवाच उघडायची."

"कोनासाठी?"

"ते तुझ्या हाती," अनंता म्हणाला. "मी बाहेर उभा राहून विचारीन."

त्याने फळ्यांचे दार केले आणि कडी ठोकली. रंगूने आत जाऊन ती लावली. काढली. पुन्हा लावली. बाहेर अनंता थांबला होता.

"अनंता," ती आतून म्हणाली. दार बंद असल्यामुळे तिला बोलणे सोपे गेले. "झोडनी संपली ना?"

"परवाच संपली."

"मग अजून हितं का?"

"आतली बाई बाहेर येऊन सांगल म्हनून."

मग कडी वाजली आणि दार उघडले.

"मी टोकावड्याला यायची नाय," ती म्हणाली. "कचेरीतून हुकूम येत नाय तोवर ही चूल सोडनार नाय. आलाच तरी आईला एकटी टाकनार नाय. ह्या घराला मी खांदे गोळा केले, अनंता. मला त्याचा मान हाय."

"मलापन हाय. एक खांदा माझा हाय त्यात."

"लोक तुला घरजावई म्हनतील."

"म्हनू देत. टेका मीच ओरडलो. जिथं टेकलं तिथंच घर, असं तुमीच शिकवलं मला."

रंगूला हसू आले, ते तिने आवरले. आवरले नाही, थोडे सांडलेच.

"तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "चोरून काय नको. ती हो म्हनाली तर पूर्वेच्या अंगाला खोली वाढवू. खोलीची मेढ तू आन, तुझ्या रानातली. आई नाय म्हनाली तर मोकल्या हातानं ये. पन ये. येऊन तोंडावर सांग."

"आनि मेढ आनली तर?"

"तर खड्डा खनलेला असल."

दुसऱ्या दिवशी पहाटे अनंता टोकावड्याला निघाला. रंगू दारापर्यंतच गेली. रखमीने विहिरीवरून विचारले, "गेला?" रंगू म्हणाली, "गेला." रखमीला टोमणा सुचला होता, पण रंगूचा चेहरा बघून तिने तो ठेवून दिला.

माघात कारभारी एकदा पाड्यात आला. घराभोवती फिरला, दाराला हात लावला. कडी आतून लागलेली होती.

"कोन हाय?" आतून रंगूने विचारले.

"मी, मालकाचा कारभारी. जरा बघायचं होतं."

"बाहेरून बघा," रंगू म्हणाली. "घर आमचं हाय."

तो बाहेरून बघून गेला. शेजारच्या खळ्यावर लडकूकाका, नवसूबाबा आणि आणखी चारपाच जण काम थांबवून उभे होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

आज मिळालेली खबर अशी. शहापूरच्या कचेरीतून अदलाबदलीच्या अर्जावर हुकूम झालेला नाही. पाटील दोनदा जाऊन आला, साहेब दौऱ्यावर आहेत. गुणाबाईच्या घरातून सकाळ-संध्याकाळ धूर निघतो. पूर्वेच्या अंगाला रंगूने कमरेइतका खड्डा खणला आहे, आणि वासरू पडू नये म्हणून वर काटे टाकले आहेत. मुरबाडच्या बाजाराहून आलेल्या दोघांनी टोकावड्याची एक बैलगाडी शहापूरच्या वाटेला लागलेली पाहिली. हाकणारा तरुण होता आणि शेजारी एक वयस्क बाई बसली होती. गाडीत, साल सोललेली, ऐनाच्या लाकडाची एक लांब मेढ होती.

गाडी अद्याप कोशिंबपाड्यात पोचलेली नाही.