चौथ्या बाजूची झालर

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

क्वार्टर नंबर नऊची फाईल तुमच्याच कपाटात होती. त्यात सात अर्ज होते. सातही अर्जांवर तुमच्या ऑफिसचा शिक्का होता. तरीही तुम्ही माझ्या ताईच्या हातात त्या घराची किल्ली ठेवलीत आणि वर म्हणालात, "नशीबवान आहात बाई, पलंगासकट मिळतंय!"

वाचणाऱ्यांनो, हे सगळं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल पान उलटावं. मी वेल्डर माणूस, तिखटमीठ लावून लिहिणं मला जमत नाही. ताईने जे सांगितलं ते, आणि मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितोय.

दिवस मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

हो, ऊन. अंधाराची वाट बघायची गरज त्याला पडत नाही.

ताई हॉस्पिटलच्या लिननरूममध्ये शिवणकाम करते. फाटक्या चादरी, पडदे, ऑपरेशनचे गाऊन. भाऊजी गेल्यापासून पदरात एक मुलगी, सात वर्षांची. तान्ही असताना तिने शर्टाचं बटण गिळलं होतं. तेव्हापासून ती बटणच. शाळेच्या हजेरीतलं नाव तिला स्वतःलाही परकं वाटतं.

क्वार्टर आवारातच. रांगेतलं शेवटचं, दोन खोल्यांचं. मागची भिंत एका जुन्या, बंद इमारतीला टेकलेली. आतल्या खोलीत मोठा लाकडी पलंग. भिंतीला बोल्टने आवळलेला. पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. पलंग आणि भिंत यांच्यात दोन बोटांची फट.

पहिल्याच दिवशी बटण ओणवी झाली आणि पलंगाखाली बघत राहिली.

"आई, खाली कोणीतरी बसेल एवढी जागा आहे."

"मग बसू दे की! भाडं घेऊ त्याच्याकडून."

बटण हसली नाही.

त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "चल बाई, झालर लावू तुझ्या पलंगाला. खालचं काही दिसायलाच नको."

दोघी कापडाच्या दुकानात गेल्या. दुकानदार गप्पिष्ट. "घ्या ताई घ्या, झालर म्हणजे पलंगाचा परकर. असला तर कोणी बघत नाही, नसला तर सगळे बघतात!"

ताईने फुलाफुलांचं पिवळं कापड काढलं. बटणने ते उजेडासमोर धरलं.

"ह्यातून दिसतं."

पांढरं, बारीक ठिपक्यांचं काढलं.

"ह्यातूनपण दिसतं."

मग तिने स्वतःच खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला. गडद निळं, जाडजूड, पडद्याचं कापड.

"हे घे."

"अगं, किती अंधारं आहे ते! पिवळं शोभेल ना खोलीला."

"शोभायला नको आई. ह्याच्यातून आपण त्याला दिसणार नाही."

दुकानदाराची कात्री थांबली. "कोणाला गं, ठकूबाई?"

बटणने गठ्ठा छातीशी धरला. ताईने निळंच घेतलं.

घरी येऊन ताईने माप घेतलं. गादीच्या खालून फरशीपर्यंत. उशाकडची बाजू, पायाकडची बाजू आणि पुढची लांब बाजू. झाल्या तीन. भिंतीकडच्या बाजूला कोणी झालर लावत नाही. कापड फुकट जातं. कुठल्याही शिंप्याला विचारा.

"आई, चौथी बाजू?"

"तिकडे भिंत आहे राणी. भिंतीतून कोण येतंय?"

ही ताईची पहिली चूक. दुसरी चूक जगातली प्रत्येक आई करते. लेकरू खाली पडू नये म्हणून त्याला भिंतीकडे झोपवते.

आठ दिवस बरे गेले. झालर फरशीला टेकलेली, चुण्या कशा मापात. शेजारणी बघून गेल्या, नाकं मुरडून गेल्या. बटण झोपू लागली. शाळा सकाळची. दुपारी बाराला ती घरी यायची, जेवून झोपायची. लिननरूमच्या खिडकीतून ताईला घराचं दार दिसायचं. साडेतीनला ताई घरी.

नवव्या दिवशी ताई घरी आली, तर...

झालर फरशीपासून चार बोटं वर होती.

आटली म्हणावं, तर कापड अजून पाण्याला लागलेलं नव्हतं. ताईने कड उलटून पाहिली. आतून दुमडून तुरपाई घातली होती. हाताची. बारीक, एकसारखी, नजर लागावी अशी.

आणि प्रत्येक टाका उलटा कललेला.

वीस वर्षं सुई धरणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही. डाव्या हाताची तुरपाई होती ती.

दोरा पिवळा होता. ताईने कपाट उघडलं. बटणच्या पिवळ्या फ्रॉकची कड पूर्ण उसवलेली. दोरा... गायब.

"बटण! कात्रीशी खेळलीस?"

"मी नाही. ती करते."

"ती कोण?"

"डावखुरी. तू खाली वाकून बघावंस म्हणून वर करते ती. तू बघतच नाहीस."

ताईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा ती अजून विसरलेली नाही.

दोन दिवसांनी बटण उठायला गेली आणि उठताच येईना. तिच्या फ्रॉकची कड गादीला शिवलेली होती. कमरेपासून गुडघ्यापर्यंत. तेच टाके. डावे.

 ताईने ब्लेडने टाके उसवले. एकेक करून.

बटण रडत होती. "उसवू नको ना आई. उसवू नको..."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवलेली. ताईने पुन्हा उसवले. तिसऱ्या दिवशीही तेच. फक्त एक गोष्ट वेगळी होती. मुलीच्या डाव्या घोट्याला गोल, पांढरा चुना लागला होता. भिंतीचा.

आता कोणी शहाणा विचारेल, घर का नाही सोडलं?

सोडलं. पहिल्या रात्री बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकलं. सकाळी बटण आत, पलंगावर. मग मीच दोघींना माझ्या घरी घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी माझ्या घरात नव्हती. सगळी गल्ली पालथी घातली. शेवटी ताईने क्वार्टर उघडलं. बाहेरून कुलूप. किल्ली ताईच्या पर्समध्ये. आणि आत...

पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, बटण झोपलेली.

मग मी ग्राइंडर घेऊन गेलो. दोन बोल्ट, दहा मिनिटांचं काम. गेटवर वॉचमनने अडवलं. "पलंगाला हात लावलात तर बाईंची नोकरी जाईल, लेखी परवानगी आणा." ग्राइंडर जप्त. तो अजून तुमच्याकडे आहे साहेब. ठेवा. पूजा करा त्याची.

ताई अर्ज घेऊन तुमच्याकडे आली. आठवतंय?

"पलंग डेडस्टॉकच्या रजिस्टरला चढलेला आहे बाई. हलवता येत नाही."

"मग मला दुसरं घर द्या. पत्र्याचं चालेल."

"यादी आहे. तीन वर्षं लागतील."

"साहेब, पाया पडते. माझी मुलगी..."

"मुलीला डॉक्टरला दाखवा. हॉस्पिटलात राहता आणि हे मला सांगता?"

सगळं ऑफिस हसलं. ताईने विचारलं, आधी त्या घरात कोण होतं? तुमच्या हेडक्लार्कने फाईल पालथी घातली. "बदली झाली त्यांची."

ताई कामावर परतली. चादर कापायला ड्रॉवरमधली जुनी कात्री काढली. ती कात्री कधी नीट कापायचीच नाही. ताईने वैतागून ती टेबलावर आपटली. लाँड्रीतले काका पलीकडे चादरींच्या घड्या घालत होते. म्हणाले, "तिच्यावर का चिडतेस? बोथट नाही ती. डाव्या हाताची आहे. तुझ्या आधीच्या बाईंची."

ताईने कात्री डाव्या हातात घेऊन पाहिली.

"काका, त्यांची बदली कुठे झाली?"

"बदली?" काकांनी हातातली चादर खाली ठेवली. "ह्याच टेबलावर त्यांचा डबा होता. अर्धा खाल्लेला. बदली झालेला माणूस डबा संपवून जातो, पोरी."

"आणि त्यांची मुलगी?"

मुलगी होती हे ताईला कोणी सांगितलं नव्हतं. ते तोंडातून कसं निघालं, तिला माहीत नाही.

काकांनी मान खाली घातली आणि पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

तो मंगळवार.

ताई अर्धी रजा टाकून घरी आली. बटण झोपलेली, गादीला शिवलेली. ताईने टाके उसवले. झोपेतच पोर पुटपुटली, "नको ना..."

ताईने ठरवलं होतं, चौथी बाजू बंद करायची. उरलेल्या निळ्या कापडाचा तुकडा, सुई, दोरा. पलंग हलत नाही, मग खाली शिरून भिंतीकडची झालर आतून शिवायची. त्याशिवाय काय करणार होती बिचारी? ती पोटावर सरपटत आत गेली.

आत गार होतं. बाहेर उन्हाने फरशी तापलेली आणि आत... हिवाळा.

तिने मोबाईलची बॅटरी लावली.

झालरीच्या आतल्या बाजूला कागद शिवलेले होते. रांगेने. सात.

झालर नवी होती, ताईने स्वतः शिवलेली. कागद जुने, पिवळे पडलेले. प्रत्येकावर 'प्राप्त' असा शिक्का. ताईने शेवटचा वाचला.

"माझ्या मुलीला भिंतीकडून ओढतात. मी तिला झोपताना गादीला शिवून ठेवते. काल दोरा कमी पडला. तरी कृपया पलंग हलवून मिळावा, ही नम्र विनंती."

ताईने दोनदा वाचलं.

मग तिला कळलं, इतके दिवस ती काय उसवत होती.

तेवढ्यात वर...

कापड घासल्याचा आवाज. हळू. भिंतीच्या बाजूला.

ताईने बॅटरी तिकडे वळवली. दोन बोटांची फट. त्यात तिचा हातसुद्धा जात नव्हता. त्या फटीतून एक पाऊल खाली येत होतं. बोटं. टाच. चुन्याने पांढरा झालेला घोटा. पोटरी.

बटणचा पाय.

हाडाचा पाय दोन बोटांच्या फटीत कसा मावतो? मला विचारू नका. ताई अजून मला तेच विचारते.

आणि तो पाय खाली येता येता भिंतीत जात होता. जसं पाण्यात पाय सोडावा.

   ताईने पाय धरला आणि वर रेटायला लागली. पलीकडून ओढ लागलेली. दांडगी. ताई घसरत भिंतीकडे जाऊ लागली, कोपरं सोलवटली.

तेव्हा तिच्या हातावर दुसरा हात आला.

थंडगार. बायकी. डावा. मधल्या बोटात शिवणाऱ्या बायका सुई टोचू नये म्हणून घालतात, ती धातूची टोपी, अंगुस्तान.

तो हात ओढत नव्हता. तो ताईबरोबर वर रेटत होता.

किती वेळ गेला, ताईला सांगता येत नाही. पाय सुटला. ताई खालून निघाली, तिने पोरीला उचललं आणि उन्हात पायरीवर येऊन बसली. मी पोचलो तेव्हा ती तशीच बसलेली. बटण मांडीवर गाढ झोपलेली. पाय धड, साधा ओरखडासुद्धा नाही. फक्त गुडघ्यापर्यंत चुना.

ताईने मला एवढंच विचारलं, "पिवळा दोरा आहे का रे तुझ्याकडे?"

मी पलंगाखाली शिरलो. कागद नव्हते. उलट्या टाक्यांची रिकामी भोकं होती. सात जागी.

याला आता पाच महिने झाले. ताई तिथेच राहते. दुसरीकडे नेऊन उपयोग नाही, ते पाहिलंच. रोज बटण झोपली की ताई तिचा फ्रॉक गादीला शिवते, उठायच्या वेळी उसवते. मी पाहिलंय. ताई एक ओळ घालते, उजव्या हाताची. थोड्या वेळाने बघावं तर शेजारी दुसरी ओळ असते. डाव्या हाताची. कधी घातली, दिसत नाही.

ताई त्या ओळीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "आहे बाबा बाई."

गेल्या मंगळवारपासून दुसरी ओळ येत नाही.

ताई वाट बघते. झालर स्वतःच चार बोटं वर दुमडून ठेवते, खाली वाकून हाका मारते. कोणी नाही. काल तिची एकटीची ओळ अर्धी तुटलेली निघाली. मुलगी वाढतेय साहेब. दोरा तोच आहे.

ताईचा पहिला अर्ज म्हणजे त्या पलंगावरचा आठवा. मग नववा दिला. दहावा मी स्वतः आणून तुमच्या टेबलावर ठेवला, तुम्ही त्यावर चहाचा कप ठेवलात.

मला भूत आहे की नाही, हे विचारायचं नाही. भिंतीपलीकडे काय आहे, तेही राहू द्या. तुम्ही फक्त एवढं सांगा. सात वेळा शिक्का मारलात, तेव्हा एकदा तरी अर्ज वाचलात का? आणि वाचला असेल, तर माझ्या ताईला किल्ली देताना तुमचा हात थरथरला का नाही?

उद्या दुपारी सव्वातीनच्या आत उत्तर द्या. बटण त्या वेळी झोपलेली असते.