वास परत आला तर सांगा

स्टुलावर चढलेल्या त्या तरुणाने डोळे मिटले, एसीच्या तोंडाशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. मोगरा हुंगावा तसा तो एसी हुंगत होता... अमृताला हसू आवरेना.

“कसला वास आहे?” तिने विचारलं.

“ओल्या मोज्यांचा,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “तुम्हाला कसला येतो?”

“कुजलेल्या अंड्यांचा. हायड्रोजन सल्फाइडसारखा.”

त्याने एक डोळा उघडला. “सायन्सच्या मॅडम आहात का?”

“आठवी ते दहावी.”

“मग मेलो. चुकलो तर मार्क कापाल.”

तो गोकुळ. मूळचा शिरपूरचा, सिल्वासात एसी दुरुस्तीच्या कामाला. अमृता देवगडची, इथल्या शाळेत नोकरी लागली आणि टोकरखाडा भागात दुसऱ्या मजल्यावर तिने बिऱ्हाड थाटलं. उन्हाळा इतका कडक की एसी लावल्याशिवाय झोप नाही, आणि लावला की तो वास!

गोकुळने फिल्टर काढला. त्यावर धुळीचा घोंगडीसारखा थर.

“हा बघा चोर!” तो खूश होऊन म्हणाला. त्याने फिल्टर धुतला, चहा नको नको म्हणत घेतला आणि गेला. चोर हाती लागल्यावर पुढे शोधतो कोण?

चार दिवसांत वास परतला. गोकुळही.

या खेपेला त्याने आतल्या जाळ्या फवारून धुतल्या, पाण्याचा ट्रे घासला, ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी झरझर निघून गेलं. खोलीभर लिंबाचा सुगंध दरवळला.

“तुम्हाला गावचा कुठला वास आठवतो?” हात पुसत त्याने अचानक विचारलं.

अमृता जरा लाजली. “खारवून वाळत घातलेल्या बांगड्यांचा.”

“अरे देवा! आणि मी इथे वास घालवायला येतो!”

“तुमचा?”

“कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा. ते भरीत एकदा खाल ना मॅडम... एसी बंद करून पंख्याखाली बसून खाल.”

निघताना तो दारात घुटमळला. “वास परत आला तर सांगा, हं.”

“आणि नाही आला तर?”

“तर...” त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला आणि जिन्यावरून खणखणत थेट खाली गेला. “तर चांगलंच की,” तो पुटपुटला आणि त्याच्यामागे धावला.

त्या संध्याकाळी अमृता विनाकारण गुणगुणत होती.

मंगळवारी ती गॅलरीत कपडे वाळत घालायला वाकली आणि तिथेच थबकली. तोच वास! कोपऱ्यात एसीच्या पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या नळाच्या फुटक्या तोंडात खुपसलेला होता. वर चिकटपट्टीचे वेढे. तिच्याच हातचे.

झालं होतं असं, की मार्चमध्ये खालच्या तानूबाईंनी गॅलरीत बिबडे वाळत घातले होते, ज्वारीचे मोठे मोठे पापड, आणि वरून एसीचं पाणी ठिबकलं. तानूबाई खालून गरजल्या होत्या, “मास्तरीणबाई, मना बिबडासना लगदा व्हई गया!” अमृता शरमली आणि तिने पाइप त्या नळात कोंबला. ठिबकणं थांबलं, पण गटाराच्या हवेला थेट तिच्या उशाशी यायला वाट मिळाली. एसी चालू झाला की पंखा ती हवा वर ओढून घेई. पोरांना वायू शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये?

पाइप उपसणं दोन मिनिटांचं काम. तिचा हात पुढे गेला... आणि मागे आला.

बुधवारी तिने पुन्हा तक्रार नोंदवली.

गोकुळ आला, पण आज तो हसला नाही. मुकाट्याने स्टुलावर चढला.

“काय झालं?” अमृताने विचारलं.

“काही नाही.” मग न राहवून म्हणाला, “सेठ बोलला, एकाच घरून सारखी तक्रार येते म्हणजे तुला काम येत नाही. आज नाही मिटलं तर दमणला पाठवतो. राहायचं पण तिकडेच.” त्याने पॅनेल उघडलं. “बराबर आहे त्याचं. मलाच चूक सापडत नाहीये.”

अमृताने गॅलरीकडे पाहिलं. आत्ताच लक्षात आलं असं दाखवून पाइपाकडे बोट केलं असतं तर? कुणाला कळलं असतं? पण तो स्वतःलाच बोल लावत होता, आणि ते तिला बघवेना.

“खाली उतरा,” ती म्हणाली. “वास गॅलरीतून येतोय. पाइप मी तिथे खुपसलाय.”

त्याने पाइप उपसला, नाक मुरडलं आणि तिच्याकडे पाहिलं. “हे कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“तक्रार तर बुधवारची आहे.”

“हो.”

“मग तक्रार कशाला—” तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी आली. “मॅडम, सेठ मला दमणला धाडत होता!”

“माहीत नव्हतं मला. खरंच.” तिचे डोळे भरले. “तुम्ही यावं... एवढंच होतं मनात.”

तो काही बोलायच्या आत तिने त्याच्या सेठला फोन लावला, त्याच्यासमोरच. पाइप मी चुकीचा बसवला, तुमच्या माणसाचा दोष नाही, हे तिने शाळेतल्या आवाजात स्पष्ट सांगितलं.

“एटले मशीन बराबर छे?” म्हणजे मशीन ठीक आहे ना, असं पलीकडून सेठने गुजरातीत विचारलं.

“बराबर छे,” अमृता देवगडी हेल काढत म्हणाली.

गोकुळला एकदम हसू फुटलं. कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली.

मग दोघांनी मिळून नळाचं तोंड बुचाने बंद केलं आणि पाइप बादलीत सोडला. ती बादली धरून उभी, तो पाइप कापत बसलेला. दोघांचे कान लाल.

“ओटीपी नंबर सांगा, मोबाइलवर आला असेल. तक्रार बंद करतो,” तो म्हणाला.

“सात... चार... नऊ...” ती अडखळली. “हा शेवटचा आकडा सांगितला की संपलं ना?”

“कंपनीचं संपलं.” त्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. “आता तुमचा स्वतःचा टाका.”

तिने नंबर टाकला. त्याने नावाच्या जागी ‘मॅडम’ लिहिलं, तिच्याकडे पाहिलं, खोडलं आणि ‘अमृता’ लिहिलं. मग पेटी उचलून तो जिना उतरला.

तो फाटकाशी पोहोचतो न पोहोचतो तोच तिचा फोन वाजला.

“काम कसं वाटलं? काही तक्रार?”

“आहे,” कठड्यावरून वाकून त्याच्याकडे बघत ती म्हणाली. “इतक्यात का गेलास?”

त्याने पेटी खांद्यावर टाकली आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो पुन्हा वर निघाला.