एकविसावा मणी

मोहरीच्या दाण्याएवढा एक काळा मणी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर काटा शून्यच दाखवेल, इतका हलका. आणि 'तराफा' नावाचं मालवाहू यान, वजन साडेसहा टन. त्याला उचलून नेणारा अग्निबाण तेरा मजली इमारतीएवढा उंच. तरी त्या मण्याने हे यान दोन दिवस जमिनीवर थांबवलं. ते कसं, हे मी सांगू शकतो, कारण मणी माझा होता.

मी शास्त्रज्ञ नाही. मी सिद्राम हत्तरगे, फिटर. लातूरच्या आयटीआयमध्ये शिकलो आणि पुढे आयुष्यभर बोल्ट आवळले. शेवटची नऊ वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या एका खासगी प्रक्षेपण केंद्रात (यानं आकाशात सोडण्याच्या जागेत) काढली. केंद्राच्या वसाहतीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि माझी बायको मालन. गेल्या सप्टेंबरात मालन गेली. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाने लातूरहून नातीला माझ्याकडे पाठवलं. वल्लरी तिचं नाव, वय दहा. आजोबांना सोबत म्हणून ती आली, पण तसं कोणी बोललं नाही.

तराफाची ती पहिलीच चाचणी होती. यानात माणूस नव्हता. चारशे किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकात सहा माणसं राहतात, त्यांच्यासाठी अन्न, पाणी, कपडे आणि उपकरणं न्यायची होती. स्थानकाचा धक्का (यान जोडायची जागा) अठरा मेपर्यंतच आमच्यासाठी मोकळा होता. त्यानंतर तिथे दुसरं यान येणार होतं आणि आमची पाळी थेट सप्टेंबरात.

एका झडपेतून इंधनाचा वायू झिरपला म्हणून पहिलं उड्डाण रद्द झालं. दुसरं वरच्या हवेत वारा फार होता म्हणून. तिसऱ्या वेळी, चौदा मेला सकाळी, समुद्रातल्या बंदी घातलेल्या भागात मासेमारीची एक बोट शिरली. बोट चाळीस मिनिटांत बाहेर पडली, तरी उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं.

वल्लरी चिडली. "आबा, बोट तर गेली! मग आता का नाही सोडत? आमची शाळेची बस चुकली तर बाबा मला स्कूटरवर सोडतात. उद्यापर्यंत थोडीच थांबतात?"

"तुझी शाळा जागची हलत नाही. आमची हलते."

मी तिच्या हातातली बांगडी मागून घेतली आणि तिच्या चेंडूवर तिरकी बसवली. "ही बांगडी म्हणजे स्थानकाची वाट. आता बांगडी हलू न देता आतला चेंडू फिरव. चेंडू म्हणजे पृथ्वी." चेंडूवर मी पेनाने एक ठिपका काढला. तो आमचा किनारा. चेंडू फिरला, ठिपका बांगडीखाली आला आणि पुढे निघून गेला.

"ठिपका बरोबर खाली असताना उडालो, तर सरळ त्या वाटेला लागतो," मी म्हणालो. "चाळीस मिनिटांनी किनारा पुढे सरकलेला असतो. मग वाटेवर यायला यानाला आडवं वळावं लागेल, आणि तेवढं इंधन त्याच्यात नाही."

वल्लरीने चेंडू पुन्हा फिरवला. "पण एका फेरीत ठिपका दोनदा बांगडीखाली येतो."

"येतो. पण एकदा अग्निबाणाचं तोंड समुद्राकडे असतं आणि एकदा गावांकडे. गावांवरून सोडत नाहीत. म्हणून दिवसाला एकच संधी."

ती बराच वेळ चेंडू फिरवत बसली. मग बांगडी परत हातात घालताना तिचं लक्ष माझ्या डाव्या मनगटाकडे गेलं. "हे आजीचं ना?"

"हो. तिचे एकवीस मणी."

मालनच्या मंगळसूत्रातले एकवीस काळे मणी मी एका दोऱ्यात ओवून मनगटाला बांधले होते. ती गेल्यापासून ते तिथेच होते. आमच्या कामात अंगावर काहीच घालायची परवानगी नसते. अंगठी नाही, घड्याळ नाही, गंडा नाही. हे मी नवीन पोरांना शिकवत होतो आणि स्वतः हातमोज्याखाली मणी बांधून यानात जात होतो.

वल्लरीने बोट ठेवून मणी मोजले. "वीस आहेत, आबा. तुम्ही एकवीस म्हणाला होता."

दोऱ्याच्या गाठीजवळचा एक पदर तुटला होता. तिथलाच मणी गेला होता.

आम्ही घर शोधलं. पलंग सरकवला. ओल्या फडक्याने सगळी फरशी पुसली, मालन करायची तशी. तिच्या हातून मणी सांडले, सुई पडली, की ती म्हणायची, "खाली पडलंय ना? मग घरातच आहे." आणि सापडायचं. त्या दिवशी सापडलं नाही.

मला मात्र आठवत होतं. अकरा मेला यानाच्या आत चौथ्या मांडणीजवळ (सामानाच्या पिशव्या बांधायच्या धातूच्या चौकटीजवळ) बोल्ट आवळताना माझा डावा हातमोजा फाटला होता आणि मी तो तिथेच बदलला होता.

"बाहेर रस्त्यातसुद्धा पडला असेल," वल्लरी म्हणाली.

"असेल."

"आणि यानात पडला असला तरी एवढासा मणी काय करणार? खाली पडून राहील कुठेतरी."

"तिथे खाली नसतं, बाळा."

तिचा विश्वास बसला नाही. मी प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी खिळ्याने भोक पाडलं, बाटली पाण्याने भरली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बाहेर धरली. भोकातून पाण्याची धार लागली. "आता धारेकडे बघ," म्हणालो आणि बाटली सोडली. पडणाऱ्या बाटलीतून एक थेंबही बाहेर आला नाही. वल्लरीने मला तीनदा बाटली टाकायला लावली आणि तीनदा जिना उतरून ती आणली.

"पाणी का थांबलं?" मी विचारलं.

"बाटलीही पडतेय आणि पाणीही पडतंय," ती सावकाश म्हणाली. "दोघं बरोबरच. मग पाण्याला बाटलीच्या पुढे जाताच येत नाही."

"स्थानकही असंच पडत असतं. पृथ्वीची ओढ तिथेही आहे. पण ते सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने आडवं पळतंय. ते जेवढं खाली पडतं, तेवढी पृथ्वीची गोल जमीन खाली वळत जाते. म्हणून ते पडतच राहतं, आपटत नाही. स्थानक, माणसं, भांडी, मणी, सगळं एकत्र पडतं. म्हणून आत सगळं तरंगतं."

"मग मणीपण तरंगेल. तरंगू दे की!"

"तरंगेल, पण एका जागी राहणार नाही. आपल्याकडे गरम हवा वर जाते, गार हवा खाली येते. हवा आपोआप हलते. तिथे वर नाही, खाली नाही, हवा थांबून राहते. माणूस झोपला तर त्याने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साठतो. म्हणून पंखे सतत चालू ठेवावे लागतात. आणि जे सुटं असतं ते हवेबरोबर पंख्याकडे जातं. पंख्याच्या जाळीची भोकं दोन मिलिमीटरची आहेत, मणी दीडचा. पंख्यात अडकेल, नाहीतर दाराच्या रबरात अडकेल आणि दार नीट बसणार नाही. नाहीतर कोणी श्वास घेताना नाकात जाईल."

वल्लरीने ओली बाटली माझ्या हातात दिली. मग तिने विचारलं, "सगळे म्हणतात, आजी वर गेली. पण तिथे वर नसतंच, तर?"

मी बाटली पुसत होतो. "मला ठाऊक नाही," म्हणालो. "मला यानातलं ठाऊक आहे."

"मग तुम्ही सांगणार?"

"हो."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ शकते."

शिकलगार मॅडम आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुख. मूळच्या मिरजेच्या. त्यांच्या टेबलावर मी वीस मणी ठेवले आणि झालं ते सांगितलं. मॅडम मण्यांकडे पाहत राहिल्या.

"मामा, तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मग वही ओढली. "कुठला हात? कुठली मांडणी? किती वाजता?"

मी सांगितलं. त्यांनी फोन उचलला आणि उद्याचं उड्डाण थांबवलं. "दोन दिवस शोधायचं. नाही सापडला तर सगळं सामान उतरवावं लागेल. त्याला नऊ दिवस लागतील. म्हणजे सप्टेंबर." फोन ठेवून त्यांनी हात पुढे केला. "मामा, तुमचं ओळखपत्र द्या. आता तुम्हाला आत जाता येणार नाही."

दारात लोहोकरे उभा होता. तरुण इंजिनिअर, चार रात्री धड झोपलेला नव्हता. "वाऱ्यासाठी थांबलो, बोटीसाठी थांबलो, आता मण्यासाठी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी पाटल्या घालून या मामा, महिनाभर सुट्टी मिळेल सगळ्यांना."

"लोहोकरे," शिकलगार मॅडम म्हणाल्या, "तुझा मणी असता तर तू सांगितलं असतंस?"

तो वळून निघून गेला. त्याचा राग खोटा नव्हता. दोनशे माणसांची दोन वर्षांची मेहनत त्या यानात होती.

पंधरा तारखेला उभ्या यानाचं बाजूचं दार उघडलं. दोघं आत गेले. त्यांच्याजवळ टोकाला बारीक कॅमेरा असलेली वाकणारी नळी होती. त्यांनी यानाचा तळ इंचाइंचाने पाहिला. चौथ्या मांडणीच्या खालची जागा पाहिली. मणी नव्हता. सोळाला सकाळी पुन्हा तेच.

मी घरी बसून होतो. वल्लरी जमिनीवर कंपास पेटी उघडून बसली होती. डब्यातली मोहरी घेऊन तिचं काहीतरी चाललं होतं. पेटी आडवी ठेवायची, आत एक दाणा टाकायचा, मग पेटी हळूहळू उभी करायची. दर वेळी दाणा घरंगळत निघायचा आणि पेन्सिलींच्या खणाच्या कडेला अडकून थांबायचा. तळापर्यंत पोचतच नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही बोल्ट आवळत होता तेव्हा यान उभं होतं का?"

"नाही. शेडमध्ये आडवं होतं. बारा तारखेला उभं केलं."

"मग तेव्हा खाली कुठे होतं?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. आमचे सगळे नकाशे उभ्या यानाचे. चार दिवस ते यान उभं पाहून आमच्या डोक्यातही ते उभंच होऊन बसलं होतं. ज्या दिवशी मणी पडला, त्या दिवशी आजची भिंत जमीन होती. मणी त्या भिंतीवर पडला. मग यान उभं करायला चार तास लागले. इतकं सावकाश, की मणी उडाला नसेल, घसरला असेल. आणि घसरताना पहिल्या उंच कडेला अडला असेल.

मी फोन लावला. शिकलगार मॅडमनी मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. "आडवं असताना खाली दक्षिणेकडची भिंत होती," त्या म्हणाल्या. "चौथ्या मांडणीखालची पहिली कड. थांबा तुम्ही फोनवर."

पंचवीस मिनिटं मी फोन कानाला धरून उभा होतो. वल्लरी माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी. मग पलीकडून लोहोकरेचा आवाज आला. तो धापा टाकत होता. "मामा, सापडला. मांडणीच्या पट्टीत, पट्ट्याच्या बकलामागे." थोडं थांबून तो म्हणाला, "यानातल्या पंख्यापासून हातभर अंतरावर होता हो. अग्निबाणाच्या हादऱ्याने सुटला असता."

वल्लरी खोलीभर नाचली नाही. मला वाटलं होतं नाचेल. तिने मोहरीचे दाणे एकेक करून डब्यात परत टाकले, आणि मोजून टाकले.

त्या दिवसाची वेळ निघून गेली होती. सतरा तारखेला सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी किनारा त्या वाटेखाली आला. वारा शांत होता, समुद्र मोकळा होता. आम्ही दोघं कुंपणाबाहेर, वसाहतीच्या पाण्याच्या टाकीजवळ उभे होतो. आधी उजेड दिसला, मग कितीतरी वेळाने आवाज आला. वल्लरीने कान झाकले नाहीत. यान दिसेनासं होऊन दहा मिनिटं झाली तेव्हा ती म्हणाली, "आता आत सगळं तरंगत असेल."

"जे सुटं आहे ते."

"सुटं काहीच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तराफा स्थानकाला जोडलं गेलं.

माझी नोकरी गेली नाही. वर्षभर यानाला हात लावायचा नाही, अशी शिक्षा मिळाली. आता मी नव्या मुलांना शिकवतो. पहिल्या तासाला मी त्यांना माझी चूक सांगतो, म्हणजे त्यांना ती दुसऱ्याकडून ऐकावी लागत नाही. मग बाटली टाकून दाखवतो.

हरवलेली वस्तू शोधण्यासाठी केंद्राचा एक छापील अर्ज असतो. शिकलगार मॅडमनी त्यात एक ओळ वाढवली आहे: 'वस्तू हरवली तेव्हा यानात खाली कोणती बाजू होती?' पुढची यानं चंद्रावर सामान नेतील, तेव्हाही हा अर्ज भरला जाईल. तिथे खाली असतं, पण थोडंसंच, आणि पडणारी वस्तू खूप सावकाश पडते. तेव्हा त्या ओळीखाली आणखी प्रश्न लागतील. ते कोणीतरी विचारील.

मणी मला एका बंद पिशवीत परत मिळाला. पिशवीवर तारीख, वेळ, मांडणीचा क्रमांक आणि शोधणाऱ्याची सही. लातूरला परत जाण्याआधी वल्लरीने नवा पक्का दोरा आणला, एकवीस मणी ओवले आणि प्रत्येक मण्यानंतर एक गाठ मारली. मी हात पुढे केला.

"हातात नाही, आबा," ती म्हणाली आणि तो दोरा तिने मालनच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवला. मग पुन्हा एकदा मोजला.

आता तो तिथेच असतो. कामाला निघताना मी तो मोजतो. एकवीस भरतात.