अर्धा पूल

लायमन बॅस्कम मला भेटला तो रेकॉर्डच्या दुकानात, आणि भेटल्या भेटल्या मी त्याचा पाणउतारा केला.

कोलंबिया अव्हेन्यूवरच्या त्या दुकानात तेव्हा रेकॉर्ड ऐकून बघायला काचेच्या खोल्या असत. खोली कसली, कपाटच ते. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस तिरका पडत होता, टोपीखालून मानेत शिरणारा, हाडं गारठवणारा. मी नुकत्याच आलेल्या एका एलपीची दुसरी बाजू ऐकत होते. तेवढ्यात दार ढकलून एक उंच, नखशिखान्त भिजलेला माणूस आत आला. हातात सॅक्सोफोनची पेटी. बाकीच्या खोल्या भरल्यात म्हणाला, आणि माझी हरकत नसेल तर...

हरकत होती. पण त्याच्या ओल्या कोटाला लवंगेचा मंद वास येत होता, आणि हरकत सांगायची राहून गेली.

"कसा वाटतोय सॅक्सोफोन?" त्याने विचारलं.

"चांगला आहे. पण आपण चांगले आहोत हे त्याला जरा लवकर कळलंय," मी म्हणाले. "आणि तो पियानोवाला सारखा त्याच्या पायात पाय घालतोय."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"गप्प बसले असते थोडी."

"तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही," असं म्हणून त्याने रेकॉर्डचं पाकीट उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका नावावर बोट ठेवलं. "लायमन बॅस्कम. ज्याला लवकर कळलंय, तो मीच."

माझे कान तापले. तो मात्र खुशीत होता. पियानोबद्दल मी म्हणाले ते त्याला महिनाभर बोलायचं होतं, पण पियानोवाला वयाने मोठा पडला, म्हणाला. मग माझं नाव विचारलं. ओडेसा प्रुइट, मी सांगितलं. रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते, आणि उरलेले दिवस आईला न सांगता इतर ठिकाणी. पाऊस थांबला तरी आम्ही दोघं त्या कपाटातच होतो, आणि शेवटी दुकानदाराने काचेवर टिचकी मारली.

त्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात आमच्या तालमी सुरू झाल्या. किल्ली डीकनकडे असायची. आमच्या चर्चचे वडीलधारे म्हणून त्यांना सगळे डीकन म्हणायचे. शनिवारी क्लबात माणसाएवढा उंच बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, वाजवून रविवारी सकाळी तेच गंभीर तोंड घेऊन पहिल्या बाकावर बसायचे. ड्रम्सवर त्यांचा भाचा जुनियस, हसरा आणि अबोल. डीकनचा नियम एकच होता. सॅक्सोफोनवाला हवेत कुठेही भटको, चुको, वाट विसरो, खालचं घर, म्हणजे बास आणि ड्रम्सचा ठेका, हलायचं नाही. तो परत येईल तेव्हा दार जागेवर सापडलं पाहिजे. तीस वर्षांत आपण कुणासाठी एक पाऊल हललो नाही, हे ते अभिमानाने सांगायचे, आणि खरंच सांगायचे.

लायमनला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा एलपी करायला मिळत होता. जुन्या धुना बसल्या होत्या. एक नवी, त्याची स्वतःची, अडली होती. मुखडा झाला होता, पण मुखड्यापासून लांब नेऊन पुन्हा मुखड्यावर आणून सोडणारा मधला भाग, ज्याला आम्ही पूल म्हणतो, तो अर्धाच होता.

"अर्ध्यात येऊन उभा आहे," तो पियानोला टेकून म्हणाला. "खाली नदी. पुढे कसं जायचं सुचत नाही."

मी उरलेला अर्धा वाजवला. कुठून आला कोण जाणे. थोडा खाली उतरणारा, मग आयत्या वेळी वर बघणारा. त्याने पुन्हा वाजव म्हटलं. मी वाजवला. तिसऱ्यांदा वाजवताना त्याचा हात पियानोवर माझ्या हाताशेजारी आला, करंगळीला करंगळी लागली... आणि मी चुकले.

"मिस प्रुइट," तो म्हणाला, "पायात पाय."

"हात काढ मग."

काढला नाही. जिन्यावरून डीकन मुद्दाम मोठ्याने खोकत खाली येईपर्यंत तो हात तिथेच होता. त्या धुनेचं नाव लायमनने तिथल्या तिथे ठेवलं, 'मिस प्रुइट'. एलपीचंही तेच. अर्धा पूल माझा, अर्धा त्याचा, हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. मला तेवढं पुरेसं होतं. खरं सांगायचं तर मी त्याच्यावर भाळले होते.

आईला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात एका गिऱ्हाइकाचे केस तापल्या कंगव्याने सरळ करत होती. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांबद्दल तिची मतं होती, आणि ती तिने त्या बाईचा कान न भाजता सविस्तर मांडली. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लायमन रताळं भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन दारात आला, तिच्याच हातचा कसा याहून चांगला असतो ते तिलाच विचारत बसला, आणि आईने मतं बदलली नाहीत तरी ताट वाढलं.

वसंतात त्याचं डोकं दुखू लागलं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग त्याच्या हातून कप सुटायला लागले. बोलता बोलता साधा शब्द अडायचा, 'चमचा', 'मंगळवार', असला. एका दुपारी आमच्या घरासमोरच्या पायऱ्यांवर तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"डोक्यात गाठ आहे म्हणतात," तो म्हणाला. "आईला सांगायला हवं. लहानपणापासून म्हणायची, तुझ्या डोक्यात काहीच नाही."

मी हसले नाही. तोही हसला नाही. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्यातून उठला तर उजवा हात चालेल की नाही, बोलता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. उठला नाही तर, हेही ते सांगत नव्हते, पण ते न सांगताच आम्हाला ऐकू आलं होतं. त्याला फक्त ही रेकॉर्ड करायची होती. कंपनीला आजार कळला तर ती दुसरा सॅक्सोफोनवाला बघेल. म्हणून कुणाला सांगायचं नाही, असा त्याने माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला, आणि त्या दिवसापासून रोज रात्री देवाशी भांडले.

न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आम्ही गेलो तेव्हा दुपार होती आणि पुन्हा पाऊस. जुन्या धुना झरझर झाल्या. लहानपणापासून बोटांत मुरलेल्या त्या, त्यांना डोकं लागत नव्हतं. काचेपलीकडचा कंपनीचा माणूस खूश होता. मग 'मिस प्रुइट'.

पहिल्या टेकमध्ये मुखडा छान गेला. पूल आला. अर्ध्यापर्यंत लायमन आला, आणि तिथून सरळ मुखड्यावर उतरला. आम्ही तिघं अजून पुलावर. सगळा गोंधळ. तो थांबला.

दुसऱ्यांदा तेच. तेच ठिकाण.

तिसऱ्यांदा त्याने सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि डीकनकडे वळला. "डीकन, झोप लागली का? मुखडा आलाय, तुम्ही कुठे भटकताय?"

डीकनना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. जुनियसने काठ्या खाली ठेवल्या. डीकननी माझ्याकडे बघितलं. आणि मला कळलं. लायमन वाट विसरला नव्हता. त्याच्या लेखी तिथे वाट नव्हतीच. त्याचं स्वतःचं सगळं जागेवर होतं. जे माझं होतं तेवढंच गेलं होतं. तळघर, तो पियानो, करंगळी... मला विचारायचं धाडस झालं नाही.

क्षणभर वाटलं, तो तुकडा जोरात वाजवावा, त्याच्या कानात ओरडल्यासारखा. हे बघ, हे मी आहे. पण ते ऐकून तो आठवत बसला असता, आठवलं नसतं, आणि आपल्या डोक्यात काय काय उरलं नाही हे त्याला तिथेच, त्या काचेसमोर कळलं असतं. काचेपलीकडच्या माणसालाही.

कंपनीचा माणूस ध्वनिक्षेपकावरून म्हणाला, ही धून सोडून देऊ या का? मी म्हणाले, चूक आमची आहे. एकदा अजून.

डीकनकडे बघून मी मान हलवली. माझा अर्धा वाजवायचा नाही, असं. ते समजले. पण हलतील का, हे मला माहीत नव्हतं.

मुखडा गेला. पूल आला. अर्ध्यावर लायमन घराकडे, म्हणजे मुखड्याकडे वळला, आणि मी माझा अर्धा सोडून त्याच्याबरोबर वळले. त्याच ठोक्याला बासही वळला. तीस वर्षं जागचं न हललेलं घर उठलं आणि त्या पोराच्या मागे चालू लागलं. जुनियसने झांजेवर असा काही हात टाकला की जणू हे असंच ठरलं होतं. मग प्रत्येक फेरीत तेच. माझ्या स्वतःच्या वादनातही मी अर्ध्यावर वळले, दर वेळी. लायमन वाजवत होता... काय सांगू? आपण चांगले आहोत हे त्याला आता कुणी सांगितलंच नव्हतं जणू. मी थोडी गप्प बसले, त्याला जागा दिली, आणि डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत ओघळू दिलं, कारण हात मोकळे नव्हते.

"हाच," कंपनीचा माणूस म्हणाला. "तो तोकडा पूल फार छान सुचलाय."

परतीच्या गाडीत तो माझ्या खांद्याला डोकं टेकून बसला होता. डीकन समोर बायबल उघडून बसले होते, पान उलटत नव्हते. खिडकीवरून पाण्याचे ओघळ मागे पळत होते.

"डेसा," तो म्हणाला, "त्या पुलावर अजून काहीतरी होतं का?"

"कुठे?"

"माहीत नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं मन तिथे जातंय." त्याने डोळे मिटून घेतले. "होतं ना काहीतरी?"

"नाही रे," मी म्हणाले. "काही नव्हतं."

मग डोळे न उघडताच त्याने माझा हात शोधला. "बरा होऊन आलो तर लग्न करशील माझ्याशी?"

"नाही."

डोळे उघडले.

"आधी करीन," मी म्हणाले. "डीकन, येत्या शनिवारी चर्च मोकळं आहे का?"

डीकननी बायबल मिटलं आणि म्हणाले, नसेल तर मोकळं करू.

शनिवारी सकाळी आईने माझे केस सरळ केले. एकही मत मांडलं नाही, फक्त कंगवा पुन्हा पुन्हा चुलीवर ठेवला. शपथ घेताना लायमनला माझं नाव आठवलं, पूर्ण, आडनावासकट. ते आठवणार नाही याचीच मला भीती होती. नंतर तळघरात कोंबडी तळली, जुनियस नाचला, आणि लायमनने नाचताना माझ्या कानात सांगितलं की त्या काचेच्या खोलीत तो बाकीच्या भरल्यात म्हणून शिरलाच नव्हता. बाहेरून मी तोंड वाकडं करून ऐकताना दिसले, आणि कुणाचं ऐकून तोंड वाकडं करते ते त्याला बघायचं होतं. तेवढं त्याला आठवत होतं. मी त्याला घट्ट धरलं, लोक बघत होते तरी.

तो ऑपरेशनमधून उठला नाही. मी धीराने घेतलं असं सांगणाऱ्यांतली मी नाही. मी हॉस्पिटलच्या फरशीवर बसून ओरडले, आणि दोन परिचारिका आणि डीकन मिळून मला उठवू शकले नाहीत.

रेकॉर्ड शरद ऋतूत आली. आमच्यात नवी मुलं धून शिकतात ती रेकॉर्डवरूनच, सुई उचलून पुन्हा मागे ठेवत, दिवसच्या दिवस. 'मिस प्रुइट' त्यांनी तशीच उचलली. शिकागोत, डेट्रॉइटमध्ये, सगळीकडे ती तोकड्या पुलाने वाजायला लागली. त्यावर कुणी लेख लिहिला, हे किती धाडसी वगैरे. डीकन वारले तोवर गप्प राहिले. मीही राहिले. खरं सांगितलं असतं तर लायमन विसरला होता हे जगाला कळलं असतं.

परवा एका रविवारी दुपारच्या मैफलीत एका तरुण सॅक्सोफोनवाल्याने 'मिस प्रुइट' घेऊ या म्हटलं. मी कितीदा तरी वाजवलीय ती, मान खाली घालून, जशी आहे तशी. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. पूल आला आणि बोटं पुढे गेली. खाली उतरली, वर बघितलं. सगळा पूर्ण पूल, इतक्या वर्षांनी. बाकीचे केव्हाच मुखड्यावर पोचले होते. मोठा गोंधळ उडाला आणि वादन थांबलं.

तो मुलगा माझ्याजवळ आला. फार अदबीचा होता, खाली वाकून हळूच बोलला, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मॅडम, रेकॉर्डवर तर तुम्हीच आहात," तो म्हणाला. "तिथे काही नाहीये."

"हो," मी म्हणाले. "माझं चुकलं. पुन्हा घे."

त्याने पायाने ठोका दिला. मुखडा गेला, पूल आला. अर्ध्यावर पोचल्यावर तो लायमनसारखाच घराकडे वळला, आणि मी त्याच्या मागे गेले.